तीन गाठींचा कंद

१

कडूकंद खायचा तर घाई करायची नाही. खणून आणायचा, सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, चुलीतली राख घालून उकडायच्या. मग चकत्या बांबूच्या टोपलीत भरून वर सागाची पानं दाबायची आणि टोपली ओढ्यात बुडवायची. पाणी वाहतं पाहिजे. साचलेल्या पाण्यात कडू तिथंच फिरत बसतं, जात नाही.

टोपलीला पळसाच्या वाखाची दोरी, दोरीचं टोक काठावरच्या उंबराच्या मुळाला. एक रात्र भिजली की सकाळी जाऊन दोरीला एक गाठ मारायची. दुसरी रात्र, दुसरी गाठ. तिसरी गाठ पडली की टोपली काढायला झाली. डोक्यात काही ठेवायचं नाही, दोरीत ठेवायचं. आमच्या पाड्यावर असंच चालतं. मी चौथी शिकले, दिनदर्शिका वाचता येते मला, पण कंदाच्या बाबतीत माझासुद्धा दोरीवर भरवसा.

टोपली काढली की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं एक चकती चाखायची. जीभ चरचरली तर परत पाण्यात. नाही चरचरली तर तो म्हणतो, "झाला." मग बाकीच्यांनी खायचं.

आमचा लडक्या त्याच्या घरातला सगळ्यात म्हातारा. माझा चुलत दीर, शेजारचं घर. पन्नास वर्षं आम्ही दोघांनी एकमेकांना छळलं. त्यानं माझ्या टोपलीत बेडूक घातला, मी त्याच्या तंबाखूत लेंडी घातली. त्याच्या बायकोच्या मयतीला त्यानं मला कानात असं काही सांगितलं की मी रडता रडता हसले, आणि बायका मला वर्षभर नावं ठेवत होत्या.

२०१७ ची दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत लडक्या कडूकंद खाऊन मेला.

२

पौषात नविन नावाचा हवालदार आला. हा नाशिककडचा, डहाणूला बदलून आलेला, अंगानं बारीक. खाटेवर टेकला आणि कागद काढला.

"आजी, मुंबईच्या लॅबचं पत्र आलंय. लडक्याच्या पोटातलं जे पाठवलं होतं, त्यात कंदाचं विष दिसतंय म्हणतात. पण कच्चा खाल्ला, उकडून खाल्ला, किती भिजवून खाल्ला, ते कळायला त्यांना नमुने पाहिजेत. कच्चा, उकडलेला, एक रात्र, दोन रात्री, तीन रात्री. जयश्री मॅडमनी तुमचं नाव सांगितलं."

जयश्री मॅडम म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर. लडक्याचं पोट त्यांनीच उघडलेलं. आतलं काढून काचेच्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात ठेवलं होतं.

"म्हणजे लोणचं घातलं त्याचं," मी म्हटलं.

नविन हसला नाही. "आजी, यात एका बाईचं आयुष्य आहे."

ते मला ठाऊक होतं. ती बाई नवशी, लडक्याची सून. नवरा तिचा गुजरातला बोटीवर, दिवाळी करून लगेच गेलेला. कंद शिजवला तिनं, वाढला तिनं, आणि स्वतः एक चकती खाल्ली नाही. आदल्या दिवशी सासऱ्याशी तंबाखूवरून भांडली होती, ते पाड्यानं ऐकलेलं. सरावलीला दिलेली लडक्याची लेक, काळी तिचं नाव, तिनं पोलिसांत सांगितलं, हिनंच माझ्या बापाला अर्धाकच्चा कंद घातला.

नवशीनं का खाल्लं नाही? तिला दिवस गेले होते. पोटुशी बाई कडूकंद खात नाही आमच्यात. पण तेव्हा तिसराच महिना, कुणाला बोलली नव्हती. नंतर सांगितलं तर लोक म्हणाले, आता सुचलं.

"रिपोर्ट तिच्या विरुद्ध आला तर उचलायला लागेल," नविन म्हणाला. "मग पोर आतच व्हायचं."

मी म्हटलं, चल. जीपमध्ये पुढं बसायला मिळत असेल तरच येईन. त्यानं बसवलं. रानात फिरून पाच कंद खणले. येताना मी त्याला खाजकुयलीच्या शेंगा दाखवल्या, म्हटलं हे पण विष असतं, चोळून वास घे. त्यानं घेतला. चारोटी नाक्यापर्यंत बिचारा एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं खाजवत होता. मी खिडकीबाहेर बघत होते. फार दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसू आलेलं, पण बाहेर काढता येईना.

३

संध्याकाळी मी टोपली ओढ्यात सोडली. दोरी नवी, माझ्या हातानं वळलेली. गाठ एकही नाही. एक रात्र झाल्याशिवाय गाठ कशाला असेल?

सकाळी उजाडल्यावर नविन प्लास्टिकच्या पिशव्या, लाख, मेणबत्ती घेऊन आला. आम्ही ओढ्यावर गेलो. पाणी पौषातलं, बारीक, पण वाहतं. मी दोरीला हात घातला.

गाठ होती.

मी नविनकडं बघितलं. "तू मारलीस?"

"मी आत्ता तुमच्याबरोबर आलो ना."

"मग मीच मारली असेल," मी म्हटलं.

वय झालं की माणूस करतो आणि विसरतो. हात आपले आपण चालतात. मी गाठ नीट बघितली. आता हे सांगते ते ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. मी उजव्या हाताची बाई. माझ्या गाठीचं शेपूट उजवीकडं पडतं. या गाठीचं डावीकडं पडलेलं. शेपटाचं टोक ओलं होतं आणि चावलेलं. वाख निसटू नये म्हणून दातात धरून ओढावा, तसं.

पाड्यावर डावरा एकच होता. गाठ मारताना शेपूट दातात धरायची त्याचीच खोड.

नविन पिशवीला लाख लावत होता. मी विचार केला, पोरांनी केलं असेल. लडक्याची खोड पोरांना माहीत, आपलीच फिरकी घेतली. मग बरं वाटलं. माझी फिरकी घेणारं कुणीतरी उरलंय म्हणून खरंच बरं वाटलं. गाठ तशीच ठेवली. काम वाचलं.

घरी येऊन मी सुतळी घेतली आणि डाव्या हातानं गाठ मारून बघितली. सात वेळा. एकही तशी जमली नाही.

४

दुसऱ्या सकाळी दोरीला तेवढीच, एकच गाठ. मी दुसरी मारली, माझ्या हाताची. नविननं नमुना घेतला आणि गेला. मी खुशीत घरी आले. आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसले, चहा केला. कप खाली ठेवताना मांडीवर काहीतरी टोचलं.

पदराच्या टोकाला गाठ होती. ओली.

पदर कोरडा, लुगडं उन्हात वाळलेलं, नेसून तासही झाला नव्हता. गाठ मात्र ओढ्यातून काढल्यासारखी गार. मी दातानं सोडवली. जिभेला राख लागली, आणि तिच्यामागून ते कडू. ते काय असतं, कंद चाखलेल्या माणसाला विचारा.

दुपारी नवशी आली. पोट आता दिसायला लागलं होतं. उंबऱ्यात बसली.

"आये, तीन रात्रींचा उद्या काढणार ना?"

"उद्या."

"मी त्या दिवशी तीन गाठी बघूनच काढला ग. तूच सांग, तीन गाठी होत्या तर मी काय करणार? बाबानं चाखला, झाला म्हणाला."

"त्याची जीभ काय झोपली होती?" मी म्हटलं. माझ्या तोंडाला लगाम नाही.

नवशी माझ्याकडं बघत राहिली. "तुला माहीत नव्हतं? श्रावणात बाबाच्या तोंडावरून वारं गेलं. डावी बाजू मेलेली. नंतर जिभेला चवच उरली नाही, मीठ नसलं तरी कळायचं नाही. तानीला, म्हणजे तुला, सांगू नको म्हणाला. म्हणाला, ती हसेल."



श्रावणापासून लडक्या माझ्याकडं तोंड वाकडं करून बघायचा. एक कोपरा खाली लोंबलेला. माझे दात पडले तेव्हापासून मी तशी दिसते, म्हणून मला वाटलं, माझी नक्कल करतोय. मी पण त्याला वाकडं तोंड करून दाखवायचे. तीन महिने आम्ही कुंपणावरून एकमेकांना वाकडी तोंडं करत होतो. तो खरंच वाकडा, मी खोटी.

५

आता लपवून काय करायचं. तिसरी गाठ मी मारली होती.

लडक्यानं दोन सकाळी दोन गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर मी धुणं घेऊन ओढ्यावर गेले, त्याची दोरी दिसली. मारली आणखी एक. असं आम्ही कितीदा केलेलं. दुपारी टोपली काढायला येणारी सून नुसत्या गाठी मोजणार, एक रात्र आधीच टोपली घरी नेणार, लडक्या चाखणार, जीभ चरचरणार, मग कुंपणावरून मला शिव्या घालणार. मी चहा घेऊन शिव्या ऐकायला बसणार. एवढीच त्यातली मजा. जीभ राखण करते, म्हणून खेळ चालतो.

त्या दिवशी मी चहा घेऊन बसले. शिव्या आल्या नाहीत. वाटलं, घरी नसेल. संध्याकाळी त्याला झोळीत घालून नेताना बघितलं. मनाला सांगितलं, एका रात्रीनं माणूस मरत नाही, नवशीनंच काही चुकवलं असेल. दोन महिने तेच सांगत होते.

तिसऱ्या सकाळी पदराला दोन गाठी होत्या. कालची मी सोडवलेली परत आली होती, आणि शेजारी नवी. दोन्हींची शेपटं डावीकडं, चावलेली. पदर हातभर भिजलेला.

मी हसरी बाई आहे. मला भीती उशिरा कळते. त्या सकाळी खाटेवर बसून दोन गाठी मोजल्या तेव्हा एवढंच मनात आलं, मला कुणीतरी भिजत घातलंय.

ओढ्यावर एकटीच आधी पोचले. उन्ह आलं होतं, पाण्यावर चकाकत होतं, बगळे होते. भिण्यासारखं काहीच नव्हतं. उंबराच्या पलीकडं, जिथं लडक्या टोपली ठेवायचा, तिथं एक माणूस उकिडवा बसला होता. पाठ माझ्याकडं. हात कोपरापर्यंत पाण्यात, दाबलेली पानं नीट करतात तसा. मला वाटलं पाड्यातला सुकऱ्या असेल.

"सुकऱ्या, माझ्या टोपलीला हात लावू नको रं. सरकारी माल आहे."

त्यानं मान थोडी वळवली. एका गालाएवढीच. डावा गाल. ओठाचा कोपरा खाली लोंबलेला, त्यातून पाण्याची धार हनुवटीवर येत होती. डोळा मिटत नव्हता.

मला सवय. मी विचार करायच्या आत माझं तोंड वाकडं झालं, त्याला दाखवायला.

मागं जीपचं दार वाजलं. मी वळून बघितलं, परत बघितलं, उंबर होता आणि पाणी होतं. दगडावर ओलं उमटलेलं, बसलेल्या माणसाएवढं, उन्हात वाळत चाललेलं.

६

नमुना पिशवीत गेला, सील लागलं. मग मी नविनला सांगितलं. "लडक्याच्या दोरीची तिसरी गाठ माझी. नवशीचा काही दोष नाही."

नविन माझ्याकडं बघून हसायला लागला. "आजी, माझे हात अजून खाजतात. आज नाही फसणार मी."

"खरं सांगते."

"त्या दिवशी ते पण तुम्ही खरंच सांगत होता."

पन्नास वर्षं लोकांना हसवलं, आणि एक खरं बोलायला गेले तर ते चालेना. जयश्री मॅडमकडं गेले, त्या म्हणाल्या आजी, सुनेला वाचवायला बोलताय, कळतं मला. ठाण्यात साहेबांपुढं उभी राहिले, साहेबांनी मला चहा दिला. चहा म्हणजे घरी जा.

चहा पिताना सुचलं. मी म्हटलं, "साहेब, पंचनाम्यात ती दोरी जमा केलीय ना? उघडून बघा. तीन गाठी आहेत. दोन एका हाताच्या, एक दुसऱ्या हाताची. लडक्या डावरा होता, सगळ्या गावाला विचारा. आता मला सुतळी द्या आणि माझी गाठ बघा."

साहेबांनी दोरीचं पाकीट मागवलं. मग दोन पंच बोलावले, कागद लिहिला, लाख फोडली. वाख वाळून कडक झाला होता. दोन गाठींची शेपटं डावीकडं, टोकं चावलेली. तिसरीचं उजवीकडं, टोक सरळ. साहेबांनी मला सुतळी दिली. मी मारली. नविननं दोन्ही शेजारी धरल्या आणि मग माझ्याकडं बघितलंच नाही.

"आजी," त्यानं जमिनीकडं बघत विचारलं, "का केलं?"

"हसायला," मी म्हटलं.

जयश्री मॅडम म्हणाल्या, आता लॅबवर आहे. बरणीतलं आणि दोन रात्रींचा नमुना जुळला, आणि तीन रात्रींचा स्वच्छ निघाला, तर नवशीनं शिजवण्यात काही केलेलं नाही हे कागदावर येईल.

मी पदर मुठीत धरून घरी आले. आत दोन गाठी. रोज सकाळी बघायचे, दोनच. सोडवल्या तर दुसऱ्या दिवशी परत दोन. तिसरी काही पडेना. माघ गेला. पदर कधी पूर्ण वाळला नाही. शेजारणी म्हणायच्या, तानीबाय, तुझ्या अंगाला ओढ्याचा वास येतो. मी म्हणायचे, मासे पाळलेत.

७

होळीच्या चार दिवस आधी रिपोर्ट आला. जुळला, दोन रात्रींशी. नविन स्वतः सांगायला आला, नवशीच्या उंबऱ्यात उभा राहून वाचून दाखवलं. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती, मग आत जाऊन भाकरी थापायला लागली. मला तो आवाज बरा वाटला. माझ्यावर वेगळा कागद झालाय, तारीख पडेल तेव्हा या म्हणाले. जाईन. जीपमध्ये पुढं बसवलं तर.

काळी सरावलीहून आली. नवशीचे पाय धरायला वाकली, नवशीनं धरू दिले नाहीत, पण जेवायला घातलं. माझ्याशी दोघी बोलल्या नाहीत. बरोबर आहे. पण संध्याकाळी नवशीनं कुंपणावरून भाताचा डबा दिला, तोंड फिरवून.

त्या रात्री मी फार छान झोपले.

सकाळी तिसरी गाठ होती.

म्हणजे नवशी सुटेपर्यंत थांबला. तेवढी अक्कल त्याला होती, नाही म्हणता येणार नाही. मी सोडवली नाही. तीन झाल्या की कुणी सोडवत नाही. चूल सारवली, कोंबड्या नवशीच्या अंगणात सोडल्या, केस धुतले. दुपारी ओसरीत खाटेवर पडले, उन्ह पायावर होतं, डोळा लागला.

उठले तेव्हा डावा कान ओला होता. पाळीला हात लावला. चार दातांची खूण, हलकी. रक्त नाही, दुखलं पण नाही. चकती दातात धरून जिभेच्या टोकानं बघतात तशी.

मी उठून आरसा घेतला, खूण बघितली, आणि मला हसू यायला लागलं. पोटातून आलं, थांबेना. नवशीनं पलीकडून विचारलं, "काय झालं ग आये?" मी हातानं सांगितलं, काही नाही.

तिला काय सांगू. कडू गेलंय का अजून आहे, ते मला माहीत नाही. आणि जो चाखायला येतोय, त्याची जीभ तर श्रावणातच मेली. तो आपला म्हणणार, "झाला."